गुलामीचं संग्रहालय कसं पाहावं: सुरुवात शरणपूरपासून

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. 'शरणपूर' म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर ही वस्ती उभी केली, आणि पुढे तिथेच आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रम चालू झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडायचं. त्यातल्या अनेकांना मुंबईला आणून सोडलं जाई. मोठी माणसं बंदरात, जहाजांवर नाहीतर कुणाच्या घरी कामाला लागत. लहान मुलांचं काय करायचं हा प्रश्न सरकारला पडे, आणि त्यातली काही मुलं मिशनच्या हवाली होऊन नाशिकला येत. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांची मूळ नावं बहुतेक कागदांतून गेली आणि बाप्तिस्म्याची इंग्रजी नावं उरली.

इंग्रजी कागदपत्रांत या मुलांना 'नासिक बॉइज' म्हटलं आहे. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी शेवटच्या मोहिमेवर आफ्रिकेत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर इथली नऊ मुलं होती. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी तो वारला. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आणि मीठ लावून वाळवलेला देह सुमारे नऊ महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली ती जेकब वेनराइट या तरुणाने. लिहायला-वाचायला तो नाशिकला शिकला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो उभा होता.

म्हणून नाशिकच्या माणसाने गुलामीच्या संग्रहालयात परक्यासारखं जायचं कारण नाही. पण तयारी न करता गेलं, तर तिथे साखळ्या दिसतात, वाईट वाटतं आणि दोन तासांत आपण बाहेर पडतो. काय पाहायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

आधी समुद्र दोन आहेत हे लक्षात ठेवा

जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत अटलांटिक महासागरातल्या व्यापाराची गोष्ट असते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८६६ पर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधला फरक, म्हणजे जवळपास १८ लाख माणसं, समुद्रात गेली. सर्वांत जास्त माणसं अमेरिकेच्या संस्थानांत गेली अशी आपली सिनेमांवरून झालेली समजूत असते. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरलेली माणसं ४ लाखांच्या आत होती. एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख उतरली.

दुसरा समुद्र आपला. हिंदी महासागरातला व्यापार याहून कितीतरी जुना आणि जास्त काळ चाललेला. त्याचे आकडे मात्र पातळ आहेत, आणि कारण साधं आहे. अटलांटिकमधली जहाजं मोठ्या भांडवलावर चालत, त्यांचा विमा उतरवला जाई, बंदरात नोंद होई आणि मालकांत हिशेब वाटला जाई. एवढे कागद उरल्यामुळे आज ३६ हजारांहून जास्त सफरींची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. आपल्या बाजूच्या गलबतावर लवंग, हस्तिदंत, धान्य आणि त्यातच अनेकदा २०-३० माणसं असत. ना विमा, ना यादी. म्हणून या व्यापाराच्या दालनात फलक कमी दिसले, तर 'इथे कमी घडलं' असा अर्थ काढू नका. कमी नोंदलं गेलं, एवढंच त्यावरून कळतं.

कागद कुणाचा, हे प्रत्येक वेळी विचारा

संग्रहालयातल्या बहुतेक वस्तू विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी मागे ठेवल्या आहेत. लिलावाची जाहिरात, जहाजाची वही, डागणीचा शिक्का, बेड्या हे सगळं त्यांचं. ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांचा हात कागदावर क्वचितच उमटतो. त्यामुळे फलक वाचताना पहिला प्रश्न हाच हवा की हे लिहिलं कुणी आणि कशासाठी.

'झाँग' जहाजाचं उदाहरण घ्या. १७८१ मध्ये आफ्रिकेहून जमैकाला निघालेल्या या जहाजावर ४४२ माणसं कोंबली होती. वाट चुकली, आजार पसरला, आणि पाणी पुरणार नाही असं सांगत खलाशांनी सुमारे १३० जणांना जिवंत समुद्रात फेकलं. हे जगाला कळलं ते विम्याच्या दाव्यामुळे. गुलाम आजाराने मेला तर तोटा मालकाचा. पण जहाज वाचवण्यासाठी 'माल' टाकावा लागला, तर भरपाई विमा कंपनीची, माणशी ३० पौंड. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात खटला उभा राहिला तो याच पैशांचा. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही. काचेखाली असा एखादा निर्जीव हिशेबाचा कागद दिसला की तिथे जास्त वेळ थांबा. बेड्यांपेक्षा तो जास्त सांगतो.

तसंच लोखंडाच्या ठोकळ्यांचं. १७९४ मध्ये 'साओ जोझे' हे पोर्तुगीज जहाज मोझांबिकहून ब्राझीलला जाताना केपटाउनजवळ फुटलं. त्यावरच्या ४०० हून जास्त बंदिवानांपैकी सुमारे निम्मे बुडाले, आणि जे वाचले त्यांना पुढे विकलं गेलं. दोनशे वर्षांनी पाणबुड्यांना तिथे लोखंडी विटांसारखे ठोकळे सापडले. हे नीरम, म्हणजे जहाज उलटू नये म्हणून तळाशी ठेवायचं वजन. साखर किंवा धान्य भरलेलं जहाज स्वतःच्या मालाने स्थिर राहतं. माणसं त्या मानाने हलकी असतात, हलतात आणि वाटेत मरतात, म्हणून वजन कमी होत जातं. ते भरून काढायला लोखंड. जहाजाच्या कागदांत अशा १,४०० ठोकळ्यांची नोंद आहे. एखाद्या संग्रहालयात गंजलेला चौकोनी तुकडा दिसला आणि त्याचं कारण माहीत नसलं, तर आपण पुढे निघून जातो.

'ब्रुक्स' जहाजाचा १७८८ चा आराखडा जवळपास सगळीकडे असतो, सार्डिनच्या डब्यासारखी ओळीत झोपवलेली माणसं दाखवणारा. मोठ्या पुरुषाला ६ फूट लांब आणि १६ इंच रुंद एवढी जागा त्यात धरली आहे. जाण्याआधी घरच्या फरशीवर खडूने एवढा चौकोन आखा आणि त्यात पडून बघा. त्या जहाजाला कायद्याने ४५४ माणसं न्यायची मुभा होती. कायदा येण्याआधीच्या एका सफरीत त्यावर ६०९ होती.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला जे लगेच कळेल

साखरेच्या दालनात निफाड-दिंडोरीकडचा माणूस इतरांपेक्षा एक पाऊल पुढे असतो. ऊस तोडल्यावर थांबत नाही, हे त्याला माहीत असतं. रस आंबायला लागतो आणि उतारा घटतो, म्हणून तोडलेला ऊस शक्यतो दिवसभरात चरकात गेला पाहिजे. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत हाच नियम माणसांच्या जिवावर चालवला गेला. गळिताच्या महिन्यांत दिवसभर तोड आणि रात्री चरकावर पाळी. झोपेत ऊस सारताना हात दोन लाटांच्या मध्ये जाई. चरकाच्या शेजारी कुऱ्हाड टांगलेली असे, ती यासाठी. चरक थांबवायला वेळ लागतो, आणि तोवर अख्खा माणूस आत ओढला जाऊ नये म्हणून हात तोडायचा.

पलीकडे उकळणघरात ओळीने मोठ्या ते लहान अशा कढया. आपल्याकडच्या काहिलीसारख्याच, पण एकाच चुलाणावर चार-पाच. रस आटेल तसा पळ्यांनी पुढच्या लहान कढईत घालायचा, वर येणारी मळी काढत राहायची, आणि शेवटच्या कढईत साखर धरायचा क्षण नेमका ओळखायचा. आपल्या गुळव्याला जे कसब लागतं तेच तिथल्या गुलाम कारागिराकडे होतं. मालकाच्या वहीत त्याच्या नावापुढे किंमत जास्त लिहिलेली असे ती म्हणूनच. अमेरिकेत लुइझियानातल्या व्हिटनी मळ्यावर अशा लोखंडी कढया आजही आहेत. पाहताना आतल्या पाकाचा चटका आठवा. तो अंगाला चिकटतो आणि पुसला जात नाही.

कापसाच्या मळ्यापेक्षा उसाच्या मळ्यात माणसं जास्त मरत. ब्राझील आणि कॅरिबियनमध्ये मेलेल्यांची जागा भरायला सतत नवी जहाजं लागत होती, आणि आकड्यांतला तो मोठा फरक बराचसा यातूनच आला.

त्या दालनांत हिंदुस्थान शोधा

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला युरोपीय व्यापारी काय देत होते? बंदुका आणि दारू हे उत्तर अर्धंच आहे. मोठा हिस्सा कापडाचा होता, आणि त्यातलं पुष्कळ कापड कोरोमंडल आणि गुजरातमधलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाला कोणता निळा रंग, कोणत्या चौकड्या हव्यात हे आपल्या विणकरांपर्यंत पोचवलं जाई. तसंच कवड्यांचं. मालदीवच्या कवड्या बंगाल-सिलोनच्या बंदरांतून युरोपला आणि तिथून आफ्रिकेला जाऊन चलन म्हणून चालत. काचेच्या पेटीत कवड्यांचा ढीग दिसला, तर तो आपल्या समुद्रातून गेलेला आहे.

पूर्व आफ्रिकेजवळच्या जंजिबार बेटाच्या दालनात हे जास्त जवळ येतं. कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांपैकी जयराम शिवजींची पेढी तिथल्या जकातीचा मक्ता चालवायची, आणि जकात गुलामांवरही होती. हे वाचताना मान फिरवू नये.

आणि घरचं? मलिक अंबर हबशी प्रदेशात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि तिचा कर्ताधर्ता झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथल्या पाण्याच्या नहरी आपण अजून दाखवतो. त्याचं उदाहरण देऊन 'आपल्याकडे गुलाम वजीर व्हायचे' असं सहज म्हटलं जातं. लष्करी गुलामी आणि मळ्यावरची गुलामी या वेगळ्या गोष्टी होत्या, हे खरं. पण पेशवाईच्या दफ्तरांत बटकी आणि कुणबिणी (म्हणजे दासी) विकल्याच्या, दिल्या-घेतल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यातली एकही वजीर झाली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. नीग्रो गुलाम आणि इथले शूद्रातिशूद्र यांची सांगड त्यांनी तेव्हाच घातली होती.

'बंदी' या शब्दाशी घोळ होतो

संग्रहालयातून सर्वांत जास्त चुकीची निघते ती तारीख. बंदी कशावर, हे पाहिल्याशिवाय साल लिहून घेऊ नका. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, गुलामीवर नाही. गुलामी संपवणारा कायदा १८३३ चा, लागू १ ऑगस्ट १८३४ पासून. तेव्हाही मोठ्यांना 'उमेदवार', म्हणजे शिकाऊ कामगार, ठरवून आणखी चार वर्षं जुन्याच मालकाकडे राबवलं गेलं, आणि खरी सुटका १८३८ मध्ये झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता. आपल्याकडे १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढंच केलं की गुलामीचा हक्क कोर्ट मानणार नाही. माणूस गुलाम म्हणून विकत घेणं गुन्हा ठरलं ते १८६० च्या दंडसंहितेने. जंजिबारचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. तो करार करून घ्यायला गेलेले बार्टल फ्रिअर आधी मुंबईचे गव्हर्नर होते. पण जंजिबारमध्ये गुलामीची कायदेशीर मान्यता १८९७ पर्यंत टिकली. ब्राझीलमध्ये १८८८.

१८३३ च्या कायद्यासोबत २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, तीही मालकांना. गुलामांना एक पैसा नाही. त्या भरपाईच्या नोंदी लंडनच्या एका विद्यापीठाने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. त्यात मालकाचं नाव, मळा, माणसांची संख्या आणि मिळालेली रक्कम दिसते. घरी बसून पाहण्यासारखी याहून चांगली तयारी नाही.

कुठे जावं

मराठी कुटुंबाला पहिल्यांदा जायचं असेल, तर मॉरिशस. पोर्ट लुईमध्ये फ्रेंच काळातल्या जुन्या लष्करी इस्पितळात २०२३ मध्ये गुलामीचं संग्रहालय उघडलं. तिथून जवळच आप्रवासी घाट आहे, जिथे गुलामी संपल्यावर आणलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, उतरवले जात. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवतात. दोन्ही एकाच दिवशी पाहा, आणि संग्रहालय आधी. उलटा क्रम लावला की गिरमिट ही फक्त 'आपल्या लोकांची हलाखी' वाटते. उसाच्या मळ्यात ती जागा कुणामुळे रिकामी झाली होती, हे लक्षात येत नाही. भारतीय पासपोर्टला तिथे आगाऊ व्हिसा लागत नाही.

जंजिबारच्या स्टोन टाउनमध्ये जुन्या बाजाराच्या जागेवर चर्च उभं आहे. बाहेर खड्ड्यात गळ्यात साखळ्या असलेले पाच दगडी पुतळे आहेत, १९९८ चे. आत एक लाकडी क्रूस आहे, तो चितांबोच्या त्याच झाडाचा असं सांगितलं जातं, म्हणजे ज्याच्या खोडावर नाशिकला शिकलेल्या मुलाने अक्षरं कोरली त्या झाडाचा. शेजारच्या इमारतीच्या तळघरातल्या कोठड्या 'गुलामांच्या कोठड्या' म्हणून दाखवतात. बाजार बंद झाल्यावर मिशनने बांधलेल्या इमारतीचा तो भाग असावा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. सेनेगलमधल्या गोरे बेटावरच्या 'गुलामांच्या घरा'बद्दलही असाच वाद आहे. त्या दारातून किती माणसं गेली हे गाइड सांगतात ते आकडे इतिहासकारांना मान्य नाहीत. जागेचं महत्त्व त्याने कमी होत नाही. फक्त गाइडला शांतपणे विचारा, 'हे कोणत्या कागदावरून?' चांगला गाइड या प्रश्नाने खूश होतो.

केपटाउनचं स्लेव्ह लॉज १६७९ चं, डच कंपनीने आपल्या गुलामांना कोंडायला बांधलेलं. तिथे नावं वाचा. 'व्हान बेंगाले', 'व्हान कोरोमंडल', 'व्हान मलबार', म्हणजे बंगालचा, कोरोमंडलचा, मलबारचा. अँजेला व्हान बेंगाले १६५७ मध्ये तिथे आणली गेली, पुढे मुक्त झाली, आणि आज अनेक गोऱ्या आफ्रिकानेर घराण्यांच्या वंशावळीत ती पूर्वज म्हणून आहे.

वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय लिफ्टने थेट खाली उतरून, जमिनीखालच्या मजल्यांपासून वर चढत पाहायचं असतं. प्रवेश फुकट, पण वेळेचा पास आधी काढावा लागतो, आणि निव्वळ त्या खालच्या मजल्यांना अर्धा दिवस जातो. लिव्हरपूलचं संग्रहालय २०२५ च्या सुरुवातीला मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांचं संकेतस्थळ पाहा. केनिया, घाना, सेनेगलला जाणार असाल, तर परतताना भारतीय विमानतळावर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. ते टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणून लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रत्यक्ष दिवशी

सकाळी उघडण्याच्या वेळेला जा आणि पोटात काहीतरी असू द्या. सगळं वाचायचा हट्ट धरला, की चाळीस-पन्नास मिनिटांनी डोकं बधिर होतं आणि नेमकं शेवटचं दालन चालत-चालत पार होतं. त्या शेवटच्या दालनात मुक्तीनंतर काय झालं ते असतं, आणि तेच सर्वांत कमी माहीत असतं. म्हणून प्रत्येक दालनात तीन वस्तू निवडा. त्या पूर्ण वाचा, बाकीच्या नजरेखालून घाला. जहाजाच्या दालनानंतर बाहेर येऊन दहा मिनिटं बसा.

मुलांना न्यावं का? दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांना न्यावं, पण आधी बोलून. छळाची चित्रं असलेला कोपरा आधी मोठ्यांनी पाहून यावा. लहान मुलं विचारतात, 'ते पळून का नाही गेले?' उत्तर द्या की गेले. हैतीत १७९१ मध्ये उठाव झाला आणि १८०४ मध्ये गुलामांनी स्वतःचा देश उभा केला. जमैकाच्या डोंगरात पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांशी इंग्रजांना तह करावा लागला. बहुतेक संग्रहालयांत प्रतिकाराचं वेगळं दालन असतं, ते मुलांना आवर्जून दाखवा.

साखळ्या गळ्यात घालून, कोठडीत उभं राहून हसरे फोटो काढू नका. तिथे शेजारी उभी असलेली व्यक्ती कदाचित त्या माणसांची पणती असेल. बोलताना नुसतं 'गुलाम' न म्हणता 'गुलाम केलेली माणसं' म्हणायची पद्धत आता फलकांवरही रुळली आहे. शब्द लांब आहे, पण तो माणसाची जात सांगत नाही, त्याच्यावर कुणी काय केलं ते सांगतो.

आणि शरणपूरचा धागा शोधायचा असेल, तर एक अडचण येते. फलकावर आणि संगणकात 'नाशिक' असं शोधलं तर काही सापडत नाही. तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग दोन 'एस' आणि शेवटी 'सी-के' असं आहे. दुसरा शब्द 'बॉम्बे आफ्रिकन्स'. तिसरा 'फ्रिअर टाउन', मोंबासाजवळची वस्ती. १८७४-७५ मध्ये प्राइस यांनी ती उभारली आणि इथल्या अनेकांना तिथे नेलं. नाशिकला शिकलेल्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८८५ मध्ये तिथेच पाद्री झाले. मोंबासाला गेलात, तर फोर्ट जीझस पाहून झाल्यावर टॅक्सीवाल्याला 'केंगेलेनी' सांगा. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'घंटेपाशी'. फ्रिअर टाउनची ती जुनी घंटा रस्त्याच्या कडेलाच आहे.